आठव्या बोल्टवरची पिवळी रेघ

रस्त्यात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, तर धुऊन त्याचं सरबत करेन, अशातली बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितेच.

मी रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर आहे. शेडचं नाव सांगत नाही, नोकरी अजून बरीच बाकी आहे! माझे बाबाही तिथलेच फिटर. घर आमचं मुर्ध्याला – भाईंदर पश्चिमेहून रिक्षा करून या, खाडीच्या अंगाला शेवटचं कौलारू घर. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत.

बाबांनी उभी हयात ज्याची देखभाल केली, ते विजेचं जुनं इंजिन भंगारात निघालं होतं. मग वरून ठरलं की त्यात डिझेलचा संच बसवून बघायचा. वर तार असेल तिथे विजेवर चालेल, नसेल तिथे डिझेलवर. जमलं तर आणखी इंजिनं तशीच करायची, फसलं तर हे कापायचं. काम माझ्या गँगला मिळालं. एक बाई हे करणार म्हणून शेडमध्ये दात काढणारे होतेच.

बाबा म्हणाले, "बैलाला पंख लावताव का गो? लावा बापडं. पन त्याला कापू देव नको."

आमच्यात बोल्ट आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची रेघ ओढतात. बोल्ट फिरला की रेघ तुटते, लगेच कळतं. मी ब्रशने लाल रेघ ओढते. बाबा पिवळी ओढायचे, तीही बोटाने, आणि शेवटी कोयतीसारखं वळण द्यायचे. तसं दुसरं कोणी करत नसे. माझी एक वाईट खोड – घाईत आधी सगळ्या रेघा ओढायच्या आणि मग आवळत सुटायचं. त्यापायी बाबांच्या पोटभर शिव्या खाल्ल्यात मी.

ट्रायलच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी इंजिनाचं दार उघडलं. आदल्या संध्याकाळी मीच कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्याच खिशात होती. डिझेल संचाच्या पायाला आठ बोल्ट. बॅटरी मारून बघितलं. सात रेघा सरळ. मागच्या कोपऱ्यातल्या आठव्या बोल्टची लाल रेघ मात्र तुटलेली! बोल्ट आवळायच्या दिशेने पाऊण फेरा फिरला होता. आणि त्याच्यावरून नवी पिवळी रेघ... बोटाने ओढलेली, शेवटी कोयतीचं वळण. हात लावला तर ओली.

तेव्हा आठवलं. काल त्याच बोल्टला पाना लावणार, तेवढ्यात स्टोअरवाल्याने सहीला बोलावलं होतं. परत आले, आठ रेघा बघितल्या आणि कुलूप घातलं. बोल्ट ढिलाच राहिला होता. तसाच संच सुरू केला असता तर हादऱ्याने पाया सुटला असता.

आता पाना लावला, तर बोल्ट तसूभर हलेना. माझ्या गँगमधल्या सलीमभाईंना हाक मारली.

"सलीमभाई, ये पीला किसने लगाया?"

"मॅडम, पीला तो स्टोअर में कब से आता ही नहीं. और चाबी तो आपके पास थी ना?"

साहेब लोक आले. पँटो, म्हणजे छतावरचा तारेला टेकणारा सांगाडा, खाली घेतला, तारेचा संबंध तुटला, इंजिन मुकं झालं. मग डिझेलने पेट घेतला आणि बाबांचं इंजिन बिनतारेच्या रुळावर आपल्या पायांनी निघालं. सगळ्यांसमोर रडले मी, आणि मान ताठ ठेवून रडले!

संध्याकाळी घरी पोचले. बाबा खिडकीपाशी खुर्चीत.

"चालला का बैल?"

"चालला, बाबा."

त्यांचे डोळे भरून आले. पण दुसऱ्याच क्षणाला आवाज चढला, "पयला आवलाचा, मंग रेघ! मागचे कोपऱ्यातला तसाच सोरून आली व्हतीस."

मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मना काय म्हाईत?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. उजवा हात मांडीवर होता तसाच पडलेला.

माझी खोड त्यांना ठाऊक होती, तेव्हा अंदाज बांधला असेल म्हणा. पण रंगाचं काय? पाऊण फेऱ्याचं काय? उत्तर शोधायचं सोडलंय मी. त्यानंतर तशी आणखी तीन इंजिनं केली आम्ही. प्रत्येक बोल्ट आधी आवळला.

ते पहिलं इंजिन तपासणीला येतं, तेव्हा सात लाल रेघा पुसून मी नव्याने ओढते. आठवीला हात लावत नाही. ती अजून तुटलेली नाही.