खाजऱ्याला काकडं

आत्या कधी एकटी आली नाही. तपासणीची तारीख तिची एकटीची असायची, पण मुरबाडच्या एसटीतून उतरताना तिच्यामागे एखादी बाई असायचीच. कुणाच्या मानेवर नायटा, कुणाच्या टाचांना भेगा, आणि एकदा तर नुसते गुडघे दुखणारी म्हातारी. "आत्या, इथे फक्त कोड तपासतात," असं मी कपाळाला हात लावून सांगायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "आगो, डॉक्टरीन बसलेलीच हाय ना? जरा बगितलं तं काय झिजनार हाय तिचं?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. शहापूरच्या बाजारामागे दोन खोल्या भाड्याने घेऊन आमचं काम चालायचं. अंगावर उठणाऱ्या पांढऱ्या डागांवर, म्हणजे कोडावर, एक मलम कितपत लागू पडतं याचा अभ्यास होता. माझं पद 'संशोधन सहाय्यक, प्रशासन'. नाव मोठं, लक्षण खोटं! आलेल्यांना कागद समजावून सांगायचा, पुढची तारीख द्यायची, निळ्या कापडावर हातपाय ठेवायला लावून फोटो काढायचा आणि मागच्या फोटोशी ताडून फरक लिहायचा. मुंबईहून येणाऱ्या डॉक्टर मॅडमची सक्त ताकीद होती, "दिसतं ते लिही. वाटतं ते नको." घरी आईचं वेगळंच. "कोडवाल्यांत दिवसभर बसतेस, उद्या तुला स्थळं कुठून आणू?" म्हणत ती माझे कपडे वेगळे भिजवायची. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण तिची बादली काही बदलली नाही.

आत्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. नवा माणूस बघायला लागला की तीच म्हणायची, "भाकऱ्या थापता थापता उठून आलेय," आणि आधी स्वतःच हसायची. त्या हातांपायी तिचं काय गेलं होतं हे मला मागाहून कळलं. लग्नानंतर वर्षभरात डाग उठला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. "चार दिस ऱ्हा म्हनाले. त्ये चार दिस अजून सरले नाय," असं ती सांगायची. हे सांगतानाही हसायची, आणि मला मात्र त्या लोकांचा संताप यायचा. पुढे भाऊ-भावजय गेले तेव्हा त्यांच्या मुलीला, संगीताला, आत्यानेच वाढवलं. तिची आत्या म्हणून मग ती साऱ्या गावाची आत्या झाली.

आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तीसुद्धा संगीताला घेऊनच. संगीताच्या नडगीवर बाळंतपणानंतर रुपयाएवढा डाग उठला होता. सासूने तिलाही बाळासकट माहेरी पाठवली होती आणि न्यायला कोणी येत नव्हतं. मॅडमनी तपासलं आणि मान हलवली. अंगावर पाजणाऱ्या बाईला या अभ्यासात घेता येत नव्हतं. संगीता रडायला लागली. मॅडमचं लक्ष तेवढ्यात आत्याच्या हातांकडे गेलं. "आजी, तुम्हाला मात्र घेता येईल," त्या म्हणाल्या.

मी कागद समजावला. निम्म्या लोकांच्या ट्यूबमध्ये औषध आहे, निम्म्यांच्या ट्यूबमध्ये साधं मलम, आणि कुणाला काय मिळालं हे आम्हालाही ठाऊक नाही. "मंजी देवाला कौल लावल्यासारखंच," आत्या म्हणाली. लावल्यावर सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ घ्यायचं, मग धुऊन टाकायचं आणि दिवसभर तो भाग झाकायचा, हे मी दोनदा सांगितलं. जास्त ऊन लागलं तर कातडी भाजेल, हेही सांगितलं. तिने ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवलं आणि ट्यूब कनवटीला लावली. अशी हुशार बाई मिळाली म्हणून मीच खूश झाले.

दर महिन्याला ती रिकामी ट्यूब घेऊन यायची, निळ्या कापडावर हात पसरायची आणि मी लिहायची, 'फरक नाही'. तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नसे. उन्हाळ्याच्या शेवटी तिने रानातली शेवळं आणली, माझ्यासाठी एक जुडी आणि मॅडमसाठी एक. शेवळं खाजरी असतात. ती काकडं नावाच्या आंबट फळांबरोबर शिजवली तरच घशाखाली उतरतात. काकडांची पुडी तिने बरोबर दिलीच होती, पण मॅडमनी ती कचरा समजून टाकली आणि दुसऱ्या खेपेला बसलेल्या घशाने तक्रार केली. चामडीच्या डॉक्टरला आतून खाज सुटली म्हणून आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग म्हणाली, "देवानं खाजरं केलं तसं काकडं पन केलंय, बाई. ज्याचं त्याला गाठ घालून द्यावं लागतं." हे तिचं लाडकं वचन होतं. भांडण असो, ताप असो, की गावचा बिघडलेला पंप असो, "याचं काकडं शोधा" म्हणायची.

पावसात भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत एका सकाळी ती तारीख नसताना आली. मागे संगीता होती, एका पायावर लंगडत. तिची नडगी टम्म फोडांनी भरली होती. मॅडमनी विचारायच्या आधीच आत्या बोलली, "मीच दिलं तिला. पयल्या दिसापासून." आभाळ भरलेलं बघून संगीता मलम धुवायचं विसरली आणि लुगडं गुडघ्यावर खोचून चिखलात उतरली. आवणीच्या चिखलात पाय झाकणार कशाने? भर दुपारी ऊन पडलं आणि संध्याकाळपर्यंत टिकलं.

मॅडम फार चिडल्या. "तुम्हाला सगळं समजावलं होतं ना? बाळाला काही झालं असतं तर?" आत्या खाली मान घालून उभी राहिली. मॅडम जखम धुता धुता मला म्हणाल्या, "साध्या मलमाने असं भाजत नाही. म्हणजे हिच्या ट्यूबमध्ये खरं औषध होतं." हे ऐकलं आणि आत्याने मान वर केली. "खरं होतं?" तिचा चेहरा एकदम उजळला. "मंग पोरीला मी नुसतं लोनी नाय फासलं गो!" मी तिला म्हटलं, आत्या, ते औषध तुझं होतं. "माजं काय करायचंय?" ती म्हणाली. "माजे चार दिस झाले लांबून. तिचे नको लांबाया." त्याच दिवशी तिला अभ्यासातून काढून टाकलं. नियमाने ते बरोबरच होतं, आणि तरी मला ते अजून बरोबर वाटत नाही.

सून भाजली ही बातमी सासरी पोचली. एकदा मलमपट्टी चालू असताना सासू आणि नवरा दोघं येऊन उभे राहिले. सासूने मॅडमना विचारलं, "ह्ये कोड का भाजल्यालं?" मॅडम म्हणाल्या, "भाजलंय. भरून येईल, डाग काळपट राहील." खोटं त्यात काही नव्हतं. उरलेलं त्या बोलल्या नाहीत, कारण आपल्या रुग्णाचं दुखणं परक्यापुढे उघडं करायची त्यांची रीत नव्हती. नवऱ्याने तोवर बाळ उचलून घेतलं होतं.

पांढरा डाग आता काळा होणार, एवढं सासूला पुरलं. मग तिची नजर आत्याच्या हातांवर गेली. "घेऊन जातो," ती म्हणाली. "पन हिच्या हातचं खाऊनच तिला त्ये उठलं असंल. ही आमच्या दारात येनार नाय आनि पोरगी हिच्याकडं ऱ्हाया येनार नाय. नातवाला हिचा हात लागाया नको." मॅडम कोड लागत नाही म्हणून परोपरीने सांगत होत्या, पण ऐकतो कोण! संगीता रडत नको नको म्हणत होती. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि म्हणाली, "चालंल. न्या."

पुढच्या वर्षी अभ्यास संपला. उरलेल्या ट्यूबा खोक्यात भरून परत गेल्या. मी कपाटं आवरत होते तेव्हा दारात आत्या दिसली. मी सवयीने तिच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"आता मला दे गो," ती म्हणाली. "माज्या हाताला लावीन. खरंच लावीन, कोनाला देनार नाय." बाळ चालायला लागल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हात बरे झाले तर सासूला दाखवता येतील, असा तिचा हिशेब होता. द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मॅडमनी तेच औषध बाहेरून घ्यायला लिहून दिलं, आणि इतक्या जुन्या डागांवर, त्यातून हातांवर, रंग परतायची आशा थोडीच, हेही सांगितलं. आत्याने चिठ्ठी तेवढी घेतली.

त्यानंतर एकदा थंडीत मी मुद्दाम तिच्या गावी गेले. अंगणात गोणपाटावर ती बसली होती, मलम लावलेले दोन्ही हात उन्हात पसरून. घरात चूल पेटलेली नव्हती. माझ्यासाठीही ती उठली नाही, हात हलतील म्हणून.

"तू फोटूवाली हायस," ती म्हणाली. "नीट बग आनि सांग. आला का रंग?"

मी वाकून बघितलं, बराच वेळ. दिसतं तेच बोलायची सवय त्या नोकरीने मला लावली होती आणि त्या दिवशी मला त्या सवयीचा राग आला.

"नाही आत्या. अजून नाही."

"याचं काकडं कुठं ऱ्हायलं कोन जाने," ती म्हणाली. मग गोणपाट थोडं पुढे ओढून घेतलं आणि हात पुन्हा पसरले. "बरं. ऊन हाय अजून."