दातासाठी पाणी

लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ किडली. वेळ चुकीची होती हे मला मान्य आहे, पण दाढेला कोण सांगणार?

आधी माझ्या दुखण्याचं सांगते. सरकारी शिष्यवृत्तीवर मी दोन वर्षं परदेशात शिकायला होते. तिथल्या झाडीत हिंडताना मला एक गोचीड चावली आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार झाला. तो ओळखायला तिथल्या डॉक्टरांनाच उशीर लागला. गोळ्या झाल्या, सलाइन झाली, पण थकवा गेला नाही आणि जबडा कायमचा रुसला. दहा मिनिटांच्या वर तोंड उघडं ठेवलं की तो असा आवळायचा, की मिटवताना डोळ्यांत पाणी यायचं. परत येऊन लातूरच्या कॉलेजात शिकवायला लागले, तर कुणाचा या आजारावर विश्वासच बसेना. आमच्याकडे गोचीड म्हशीच्या कानात असते. चिमटीत धरून उपटायची आणि चुलीत टाकायची. तिने शिकल्यासवरल्या बाईला आडवं केलं हे ऐकून लोक हसायचे. सुरुवातीला मीही त्यांच्यासोबत हसले. पुढे सोडून दिलं.

विश्वास न बसलेल्यांत नांदेडचे एक दातांचे डॉक्टरही होते. गालात कळा यायच्या म्हणून मी त्यांच्याकडे गेले, आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी ते कानाआड केलं आणि वरची एक दाढ उपटली. कळा जिथल्या तिथे राहिल्या. दाढ चांगली धडधाकट होती, हे नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे पाहून सांगितलं. त्या माणसाचा मला अजून राग आहे आणि तो सोडून देण्याचा माझा काही विचार नाही.

म्हणून लातूरच्या डॉक्टरांपुढे बसले ती ठरवूनच बसले, की आता माझ्या तोंडातलं काही जाणार नाही. हे डॉक्टर तरुण, ऐकून घेणारे. त्यांनी दाढेला बर्फ लावून पाहिला, एक्स-रे काढला. यावेळी दुखणं जबड्याचं नव्हतं, कीड खरंच आतपर्यंत गेली होती. रूट कॅनाल केलं तर दाढ वाचेल, म्हणाले. पुढे मात्र अडखळले. दात कोरताना मशीनमधून सारखं पाणी उडवावं लागतं, नाहीतर दात तापतो. इतरांचं काम दोन वेळा येऊन होतं. माझं तोंड दहाच मिनिटं उघडणार, म्हणजे सात-आठ वेळा यावं लागणार. दवाखान्याला टँकर आठवड्यातून एकदा येत होता. दाढ काढायला तांब्याभर पाणी पुरतं, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. त्या उन्हाळ्यात ते वाचण्यासारख्या दाढाही काढून टाकत होते आणि लोक मुकाट्याने काढून घेत होते.

"पाणी मी आणलं तर?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी रागाने बोलतेय. रागानेच बोलत होते, पण खरं बोलत होते. उकळून, गाळून आणा, म्हणाले.

दर खेपेला पाच लिटरचा कॅन न्यायचा ठरला. घरमालकिणीच्या टाकीतून मला ज्या घागरी मिळायच्या, त्यातलं अंघोळीचं पाणी मी दातासाठी बाजूला काढायची आणि ओल्या फडक्याने अंग पुसून कॉलेजला जायची. अशी तीन वेळा जाऊन आले. दवाखान्याच्या बाकावर गाल धरून बसलेली माणसं नव्या जिल्ह्यावर भांडत असायची. लातूरचा एक तुकडा तोडून नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती, आणि त्याचं मुख्य ठिकाण उदगीर की अहमदपूर, यावर सुजल्या तोंडाने वाद चालायचा. नव्या जिल्ह्याला पाणी कुठून आणणार, असं मी एकदा विचारलं. अहमदपूरचे एक गृहस्थ गालावरचा हात न काढता म्हणाले, "म्याडम, आधी जिल्हा तर होऊ द्या."

तिसऱ्या खेपेनंतर घरमालकीण शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, "लोकं घोटभर पाण्यासाठी मरायलेत, आन हिला दातावर उडवायला पाणी पाहिजे." मी माझ्या वाट्यातलंच वापरत होते. तिच्या अंगणातली मोटरसायकल मात्र दर रविवारी धुतली जायची. मी तिथल्या तिथे तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून टाकीच्या नळाला कुलूप लागलं आणि मला सकाळी मोजून दोन तांबे प्यायचं पाणी मिळू लागलं. दाढ अर्धी कोरलेली, वर तात्पुरतं सिमेंट. तशीच राहिली असती तर गेलीच असती.

माय कंधारला राहायची. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. खरं तर आधी तीच म्हणाली होती, की काढून टाक, माझे पाच गेले तर काय बिघडलं. यावेळी तिने पुढची खेप कोणत्या दिवशी आहे तेवढं विचारून घेतलं. माय लहानपणी गावच्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन बसायची. आमच्या माणसांनी विहिरीला शिवायचं नाही अशी रीत होती, त्यामुळे गावातली वरच्या जातीची कुणी बाई येऊन वरून ओंजळीत, घागरीत ओतेपर्यंत थांबायचं. कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत कुणी ओतायचं नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, तेही भांडी घासता घासता.

चौथ्या खेपेच्या दिवशी सकाळी ती एसटीतून उतरली, दोन्ही हातांत तेलाचे जुने पाच-पाच लिटरचे कॅन, पाण्याने भरलेले. कंधारला एक बोअर अजून चालू होता. आदल्या दिवशी पहाटेपासून रांगेत उभी राहून तिने पाणी भरलं होतं, उकळून लुगड्याच्या धडप्याने गाळलं होतं. तशीच ती माझ्यासोबत दवाखान्यात आली आणि खुर्चीमागच्या स्टुलावर बसली.

त्या दिवशी जबडा नेहमीपेक्षा लवकर आवळला. पाचव्या मिनिटालाच मी हात वर केला. डॉक्टर थांबले. बाहेर बाक भरलेला होता. त्यांनी हातमोजे काढले आणि चांगल्या मनानेच म्हणाले, की मॅडम, अजून तीन-चार वेळा हा त्रास कशाला, आज काढूनच टाकू, तुम्हीही सुटाल, पाणीही वाचेल. माझ्या तोंडात कापूस होता. मला ना हो म्हणता येत होतं, ना नाही. आणि खरं सांगायचं तर मी इतकी थकले होते, की बोलता आलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं.

माय स्टुलावरून उठली. एक कॅन उचलून तिने डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"सायेब, पाणी आमी तुमाला मागितलं न्हाई, घिऊन आलोत. दात तिचा हाय. ठिवायचा का काढायचा, ती सांगंल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी जबडा चोळला, कोरायच्या मशीनकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं.