लढाऊ जहाजाच्या झडपा आणि बाबालालसाहेब

बाबालालसाहेबांची व माझी ओळख माझ्या वडिलांच्या ओतशाळेत झाली. मुंबईच्या गोदीत लढाऊ जहाजांच्या बांधणीवर उमेदीची वर्षे घालवून ते कोल्हापुरास परतले होते. वडिलांनी त्यांना देखरेखीस बोलावले. ओतायच्या भागांचे नकाशे मी काढत असे. लोक आधी नकाशा काढणाऱ्या बाईकडे पाहत, मग नकाशाकडे. साहेबांनी आधी कागद पाहिला आणि विचारले, "अक्का, कडेची जाडी कुठं लिवलीया?"

तोवर आमच्याकडे उसाचे चरक होत. ओतकामात हवेचे भोक राहिले, तर शिशाने बुजवून वरून कानस मारायची, ही इथली जुनी रीत. चरकाचे त्याने काही बिघडत नाही. महायुद्धात मात्र लढाऊ जहाजांच्या झडपांचे काम आले. इंजिनासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी ही झडप जहाजाच्या बुडाशी बसते. आमच्या साऱ्या झडपा पाण्याच्या दाबाच्या चाचणीत खऱ्या उतरल्या, पेट्या स्टेशनावर गेल्या. मग ओतारी तुकारामबापू कौतुकाने म्हणाले, "एक भोक असं बुजवलंय, गोदीतल्या सायबाला बी गावायचं न्हाय!"

साहेब तडक स्टेशनावर गेले आणि पेट्या परत घेऊन आले. वडील संतापले. "चाचणी झालीया न्हवं? वायदा चुकला तर काम जाईल."

"मालक, तोफा सुटल्या की अख्खं जहाज थरथरतंय, शिसं निसटतंय, पाणी आत घुसतंय. चरक मोडला तर बैल सोडून घरला जाता येतं. दर्यातली माणसं कुठं जाणार?"

सगळ्या झडपा खरवडल्या. शिसे दोन झडपांत निघाले. दुसऱ्या झडपेत ते कोणी भरले, हे साहेबांनी विचारले नाही. वडिलांनी बापूंना घरी जायला सांगितले, तेव्हा मात्र साहेब आडवे आले. "ह्येंनी सांगितलं म्हणून कळलं. ह्येंना काढलं, तर फुडच्या येळेला कोण सांगंल?"

बापू राहिले. त्या दोन झडपा नव्याने ओतेपर्यंत वायदा चुकला, गोदीचे पुढचे काम दुसरीकडे गेले, आणि वडील बरेच दिवस साहेबांशी कामापुरतेच बोलत. जहाजावर गेल्या त्या झडपा मात्र निर्दोष होत्या. चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मी तेव्हा शिकले.

आता ओतशाळेत काही बिनसले, की बापूच सर्वांआधी ओरडतात, "सायेब, हिकडं या, घाण झालीया!" साहेब हातातला चहा ठेवून निघतात, रागावत नाहीत. आज त्यांना वयाची साठ वर्षे पूर्ण होत आहेत. अशा हाकेला त्यांनी आणखी पुष्कळ वर्षे, धडधाकट पायांनी, असेच धावून यावे, ही आम्हां सर्वांची मनापासून इच्छा आहे.