हिलोत अळू शिजेपर्यंत

ड्रेस्डेनहून हवाईला पोचायला इतका वेळ लागतो, की गुळगुळीत दाढी करून निघालेला माणूस उतरताना ऋषी दिसतो. माझ्या शेजारी बसलेले जर्मन गृहस्थ फ्रँकफर्टला काळ्याभोर केसांचे होते, होनोलुलूला पांढरे झाले. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. मी मात्र तसाच राहिलो, कारण मला काळजी करायलाही सवड नव्हती. मी कामगिरीवर होतो.

कामगिरी सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे डॉक्टरांनी तिला लांबचा विमानप्रवास बंद केला होता, नाहीतर असलं नाजूक काम तिने माझ्यावर सोडलंच नसतं. निघायच्या सकाळी ती काठी टेकत दारापर्यंत आली.

"अहो, तिकडे जाऊन गोष्टी रंगवत बसू नका. तिला समोर बसवा आणि विचारा."

"काय विचारू?"

"आता हे मी सांगू? परत येतेस का, म्हणून विचारा!"

आमची मुक्ता जन्मली ड्रेस्डेनला, शिकली ड्रेस्डेनला, आणि नोकरी धरली ती प्रशांत महासागराच्या मधोमध, हवाईतल्या हिलो गावी, एका मोठ्या दुर्बिणीवर. तिचा करार संपत आला होता. हिलोचे लोक तिला कायम करायला तयार होते, आणि इकडे मी काम करतो त्या कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात नेमकी तिच्याच विषयाची, म्हणजे यंत्रं थंड ठेवायची, जागा निघाली होती. दोन्हीकडे लवकरच उत्तर द्यायचं होतं. एकुलती एक मुलगी. ती 'हो' म्हणाली तर ट्रामच्या अंतरावर, 'नाही' म्हणाली तर पृथ्वीच्या पाठीवर, आणि पाठीच्याही पलीकडच्या बाजूला.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वृद्ध फ्राऊ लेमान भेटल्या. "हवाई?" त्यांचे डोळे चमकले. "आमच्या लहानपणी दर रविवारी घरात हवाई असायचं! टोस्ट हवाई!" पावावर हॅम, त्यावर अननसाची चकती, त्यावर वितळलेलं चीज. हा पदार्थ जर्मनीत घराघरांत पोचलाय. पुढे हिलोत मी निदान चार उपाहारगृहांत तो मागितला, आणि चारही ठिकाणी लोकांनी माझ्याकडे, विमानातून डोक्यावर पडलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

हिलोच्या विमानतळाला भिंती आहेत की नाहीत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उतरलो आणि वारा थेट अंगावर आला: ओला, खारट, नारळाच्या सोडणाचा वास असलेला. माझे पाय जागीच थांबले. हा वास मी श्रीवर्धनला सोडून आलो होतो. तीस वर्षं जर्मनीत राहून मी असं धरून चाललो होतो, की तो आता या जगात शिल्लक नाही. समोर मुक्ता उभी होती, पायात रबरी चपला, कानामागे चाफा.

"पापा! आल्झो, प्रवास कसा झाला?" हे सगळं जर्मनमध्ये. शाळेत जायला लागल्यापासून आमचं हे असंच. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. घरात भाषांचा टेबल टेनिस.

पार्किंगमध्ये एक दांडगा तरुण पुढे आला आणि "द्या अंकल" म्हणत त्याने माझी बॅग उचलून गाडीत ठेवली. मी मुक्ताला विचारलं, "हा कोण?" ती म्हणाली, "काय माहीत!" इथे वयाने मोठा दिसेल तो अंकल, दिसेल ती आंटी. ड्रेस्डेनमध्ये फ्राऊ लेमानच्या वरच्या मजल्यावर पंधरा वर्षं राहतोय, पण त्यांचं पहिलं नाव मला अजून माहीत नाही. इथे मी विमानतळावरून बाहेर पडेपर्यंत अर्ध्या बेटाचा काका झालो होतो.

मुक्ता ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या लेइलानी आंटींचं घर पत्र्याच्या छपराचं. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण इथे चपला घालून कोणी घरात पाऊल टाकत नाही. मला तर तो ढीग बघूनच गहिवरून आलं. पुढे लानाई (आपली पडवी), मागे पावसाच्या पाण्याची टाकी. मुक्ताने त्या टाकीला एक यंत्र लावून दिलंय; टाकी भरली की आंटींच्या फोनवर निरोप जातो. हिलोत पाऊस असा पडतो, की बिचाऱ्या यंत्राला दुसरा निरोप माहीतच नाही. आंटींचा फोन दिवसभर 'टाकी भरली' म्हणून ओरडत असतो आणि आंटी त्याला "कळलं रे बाळा" म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तिचं ऑफिस पाहिलं. दुर्बीण वर मौना केआ डोंगरावर, जिथे बर्फ पडतं. ती चालवणारे लोक खाली समुद्रकाठी, पडद्यांपुढे, अर्ध्या चड्डीत. मुक्ताचं काम त्या दुर्बिणीचा डोळा थंड ठेवायचं. किती थंड? तिने आकडा सांगितला. मी ड्रेस्डेनचे तीस हिवाळे काढलेला माणूस, पण नुसता आकडा ऐकून मला शिंक आली. दुपारी सगळे एकत्र जेवले: भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचं सॅलड, मासा. पलीकडच्या पेट्रोलपंपावरच्या दुकानात मुसुबी (भाताच्या वडीवर डब्यातल्या मांसाचा काप, वर समुद्री शेवाळाचा पट्टा) पेट्रोलच्या पावतीबरोबर मिळते. मी रोज पेट्रोल भरायला जाऊ लागलो. गाडी भरलेली असली तरी.

हे सगळं झालं, फक्त प्रश्न विचारायचा राहिला. रोज सकाळी मी घसा खाकरायचो, आणि मग म्हणायचो, "पाऊस काय मस्त आहे!"

चौथ्या दिवशी मी परसात गेलो आणि ओरडलोच. टाकीच्या ओघळावर अळू! साधंसुधं नव्हे, एकेक पान एवढं, की खाली कुटुंब राहावं. हवाईचे लोक त्याच्या कंदाची पोई (जांभळट, चिकट लापशी) करतात आणि बोटांनी खातात. मी जाहीर केलं, "आज मी फदफदं करणार. कोकणातलं. असं, की आंटी पोई विसरतील!"

आंटी म्हणाल्या, "अंकल, पान तासभर तरी शिजव हं."

"आंटी, अळूशी माझा जन्माचा संबंध आहे," मी म्हणालो. खरं म्हणजे संबंध खाण्याचा. शिजवायची आई. ती हाताला चिंच चोळून देठ सोलायची, एवढं आठवत होतं. बाजारात एका फिलिपिनो बाईकडे चिंच मिळाली, मुक्ताच्या डब्यात सुनंदाने पाठवलेली हरभऱ्याची डाळ निघाली, दाणे-खोबरं तर होतंच. मुक्ताकडे फोनवरून चालणारा विजेचा कुकर आहे. मी त्याला पंधरा मिनिटं सांगितली. तासभर कशाला? यंत्रयुग आहे!

ताटं वाढली. पहिला घास आंटींनी घेतला, मग मुक्ताने, मग मी. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्या घशात हजार मुंग्यांनी मोर्चा काढला. आंटी खोकल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अंकल, हे अजून जिवंत आहे."

मुक्ता गळा धरून नाचत होती. हसत होती, रडत होती, आणि ओरडत होती: "बाबा, घसा खाजतोय! चिंच दे, चिंच! लवकर!"

मी चिंच द्यायची विसरून तिच्याकडे बघत राहिलो. बाबा. खाजतोय. चिंच. हे शब्द या पोरीच्या आत कुठे दडले होते?

आंटींनी सगळं पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं. "आता तासभर कोणी हात लावायचा नाही."

मग आम्ही दोघं चिंचेचं बुटुक चोखत लानाईच्या पायरीवर बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आत आंटींच्या फोनने टाकी भरल्याचं सांगितलं. यापेक्षा बरी वेळ येणार नव्हती.

"मुक्ता, आईने विचारलंय. परत येतेस का?"

तिने चिंच एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाली, मराठीतच, शब्द शोधत शोधत, "बाबा, ड्रेस्डेन मला आवडतं. पण तिथे मला सगळे अजून विचारतात, तू मूळची कुठली. मी तिथेच जन्मले ना? इथे कोणी विचारत नाही. इथे आंटी विचारतात, उद्या पोई कोण कुटणार." तिने चिंचोका पावसात फेकला. "मी दुर्बिणीवाल्यांना हो म्हणाले. काल. तुला सांगायला घाबरत होते."

"आणि मी विचारायला," मी म्हणालो.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ती म्हणाली आणि आम्ही दोघं हसलो. फदफदं तासाभराने इतकं मऊ, आंबट-गोड झालं होतं, की मी तीनदा वाढून घेतलं. श्रीवर्धनच्या चवीपासून ते केसभर दूर होतं, आणि मला तेवढ्या केसाचंही काही वाटलं नाही.

परतीच्या विमानात मी सुनंदासाठी गोष्टी जुळवत होतो. ज्वालामुखी फुटला, रस्ता बंद झाला, प्रश्न विचारायला सवडच मिळाली नाही. एकाहून एक झकास. ती ट्रामच्या थांब्यावर काठी घेऊन उभी होती. माझ्या तोंडाकडे तिने एकदाच पाहिलं.

"नाही म्हणाली ना?"

"नाही म्हणाली." सगळ्या गोष्टी तिथेच विरघळल्या. मग ट्राममध्ये घरापर्यंत मी जे झालं ते सांगितलं, काही न वाढवता. कुकर, मुंग्या, चिंच, पायरी. ती खिडकीबाहेर एल्बे नदी बघत ऐकत होती. मला माझी आई आठवत होती. ती कधी जर्मनीला आली नाही. विमानाला घाबरायची, आणि मीही फार आग्रह केला नाही.

घरी आल्यावर सुनंदाने कोटही न काढता स्पीकरवर फोन लावला. आजवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: कधी येतेस? पलीकडे मुक्ता त्याचीच वाट बघत असणार, तिच्या "हॅलो"मध्येच ते कळत होतं.

"मुक्ता," सुनंदा म्हणाली, "त्या आंटींकडे मला महिनाभर जागा होईल का गं? गुडघा बरा झाला की म्हणते."

पलीकडे आंटींचा फोन 'टाकी भरली' म्हणून ओरडला.

"आई," ती म्हणाली, "ये ना."

सुनंदाने काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसून विचारलं, "तिकडे थंडी असते का? स्वेटर किती आणू?"