क्लाइडचा चढ, पेट्रोलची यूट आणि माझं ‘बघू’

कॅरॅव्हॅन घ्यायची की नाही हे ग्लेनला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ग्लेन माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, ऑफिसमधला. निवृत्त होऊन छोट्या घरात जायचं म्हणून त्याने आपली अठरा फुटी कॅरॅव्हॅन विकायला काढली होती. ‘वीकेंडला ओढून बघ, मग सांग,’ असं म्हणून त्याने ती शुक्रवारी आमच्या दारात आणून सोडली. तेव्हापासून कॅनबरातल्या आमच्या गुंगालिनच्या गल्लीत कुणालाच गाडी नीट वळवता येईना.

यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, निखिलने दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवली होती. जुनी, सहा सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. ओढायला डिझेल घे, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण बऱ्या अवस्थेतली डिझेलवाली परवडेना. कॅरॅव्हॅन जोडून सहा महिने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला फेरी मारायची, हा त्याचा बेत.

मला कॅरॅव्हॅन नको होती. मात्र तसं मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी ‘बघू’ म्हणत होते. आमच्या माहेरी ‘बघू’ म्हणजे नाही, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. निखिलच्या घरी ‘बघू’ म्हणजे खरोखर बघायचं असतं. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर हा फरक मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

शनिवारी सकाळी सातला निघायचं ठरलं आणि सव्वानऊला निघालो. जोडणीतच दोन तास गेले. आकडा गोळ्यावर बसवा, साखळ्या फुलीसारख्या अडकवा, वायर लावा, मग एकाने मागे उभं राहून दिवे बघा. मागे मी होते.

“लेफ्ट लागला?”

“लागला.”

“आता?”

“आता ब्रेकचा लागला.”

“मी ब्रेक दाबलेलाच नाहीये, मुक्ता.”

आमची तेरा वर्षांची सई मागच्या सीटवर बसून म्हणाली, “कॅन वी जस्ट गो टू अ हॉटेल, लाइक नॉर्मल पीपल?” मी तिला रागावले. मनातून मी तिच्याच बाजूची होते.

रस्ता सोपा आहे. बंगेंडोर, मग ब्रेडवुड, मग क्लाइड डोंगर उतरून नेलिगन आणि समुद्रकाठचं बेटमन्स बे. नुसत्या कारने दोन-सव्वादोन तास लागतात. कॅरॅव्हॅन असेल तर साडेतीन धरा, आणि आमच्यासारखे असाल तर चार. सपाटीवरही यूट नेहमीच्या दुप्पट पेट्रोल पिते, तेव्हा ब्रेडवुडला टाकी भरून घ्या. क्लाइड उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. निखिल राहिला, तरी तळाशी पोचल्यावर ब्रेकचा वास आलाच. उतरताना माझ्या बाजूला दरी नव्हती, डोंगर होता, तरीही मी दाराचा दांडा सोडला नाही. परतताना हाच डोंगर चढायचा आहे, हे तिघांच्याही डोक्यात होतं.

कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विजेसकट जागेचे एका रात्रीचे सत्तर डॉलर पडले. सुट्टीच्या दिवसांत आधीच बुक करा. जागा समुद्रापासून शंभर पावलांवर होती, पण आत शिरायचं ते रिव्हर्सने. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की कॅरॅव्हॅन उजवीकडे जाते, हे निखिलने व्हिडिओत पाहून पाठ केलं होतं. शेजारच्या दोन कुटुंबांनी आपापल्या घडीच्या खुर्च्या आमच्याकडे वळवून घेतल्या. सहाव्या प्रयत्नाला त्यांतले एक आजोबा उठून आले आणि म्हणाले, “हात स्टिअरिंगच्या खाली धर, मेट. मग जिकडे हात, तिकडे व्हॅन.” सातव्या वेळी ती आत गेली. टाळ्या पडल्या. निखिलने हात जोडून नमस्कार केला. इतकं खूश मी त्याला बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि तेच मला खटकलं.

शनिवारचा दिवस खरं तर चांगला गेला. पाणी कोमट, लाटा बेताच्या. दुपारी धक्क्यावर फिश अँड चिप्स, संध्याकाळी कॅरॅव्हॅनच्या दोन शेगड्यांवर पिठलं-भात. शेजारच्या आजोबांना शेंगाचटणी दिली, त्यांनी ती बिस्किटावर लावून खाल्ली आणि आणखी मागितली. हे सगळं हॉटेलात राहूनही झालं असतं का, असं मी स्वतःला विचारत राहिले. पिठलं झालं नसतं. आजोबाही नसते. एवढं मान्य करून मी झोपले.

रविवारी सकाळी निखिल आणि सई शेवटचं डुंबायला गेले. मी आवरत होते. भांडी घासली, अंथरुणांच्या घड्या केल्या, फ्रिजला पट्टा लावला. बाहेर आमच्या जागेचा नळ होता, त्याला पाइप जोडलेला. मी पाइप कॅरॅव्हॅनच्या तोटीत घातला आणि पाण्याच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. प्रत्येकी पंचाण्णव लिटरच्या. विचार करून केलं नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे चार दिवसांआड पाणी यायचं, आणि नळाला पाणी असताना रिकामं भांडं ठेवणं ही मूर्खपणाचीच गोष्ट समजली जाई. कुठूनही निघताना मी बाटल्या भरते. इथे बाटलीऐवजी टाक्या होत्या. भरल्या, झाकण लावलं, विसरले.

त्या टाक्या निखिलने आदल्या संध्याकाळी मुद्दाम रिकाम्या केल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं असेलही. मी ऐकलं नसेल.

दुपारी दोनला निघालो. पस्तीस डिग्री. रविवारच्या दुपारी अख्खं कॅनबरा समुद्रावरून घरी परतत असतं, म्हणून शक्य असेल तर सकाळी निघा किंवा सोमवारी रजा टाका. नेलिगनचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग चढ सुरू झाला. साठवरून पन्नास, पन्नासवरून पस्तीस. निखिलने गिअर खाली आणला. इंजिन ओरडायला लागलं, वेग मात्र आणखी उतरला. आरशात पाहिलं तर मागे गाड्यांची रांग, वळणापलीकडेही संपत नव्हती.

“टेंपरेचरचा काटा वर चाललाय,” मी म्हणाले.

“दिसतोय मला.”

“मध्याच्या वर गेला.”

“मुक्ता, मला दिसतोय.”

मग त्याने एसी बंद केला आणि हीटर लावला, पूर्ण. इंजिनची उष्णता तेवढीच आत ओढली जाते म्हणे. जानेवारीच्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याच्या, दुपारी, चढावर, हीटर. सई म्हणाली, “आई, आय अ‍ॅम लिटरली मेल्टिंग.” तिला म्हटलं खिडकी उघड. खिडकी उघडल्यावर मागच्यांचे हॉर्न नीट ऐकू यायला लागले.

“हे होणारच होतं,” मी म्हणाले. “सगळे सांगत होते डिझेल घे.”

काटा लाल रेघेला टेकायला आला तेव्हा बाजूला थांबायची एक जागा सापडली आणि आम्ही शिरलो. तीस-चाळीस गाड्या आमच्याकडे बघत पुढे गेल्या. एकाने खिडकीतून हात काढून काहीतरी सांगितलं, ते सईने ऐकलं नाही असं मी धरून चालते. स्वतःची कॅरॅव्हॅन ओढणारा एक दाढीवाला आमच्यामागे थांबला. खाली उतरून त्याने आमच्या चाकांकडे पाहिलं.

“काय भरलंय रे आत? विटा?”

“काही नाही,” निखिल म्हणाला. “टाक्यासुद्धा रिकाम्या आहेत.”

मी प्यायचं पाणी आणायला कॅरॅव्हॅनमध्ये शिरले होते, दार उघडंच होतं, त्यामुळे हे वाक्य मला आत ऐकू आलं. दाराशेजारी टाक्यांत पाणी किती आहे ते दिव्यांनी दाखवणारं बटण असतं. ते मी दाबलं. दोन्ही टाक्यांचे सगळे दिवे लागले. एकशे नव्वद लिटर, म्हणजे एकशे नव्वद किलो. समुद्रकाठचं नळाचं पाणी आम्ही डोंगरावर ओढून नेत होतो, आणि आमच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असतं.

मी बाटली घेऊन बाहेर आले. बाहेर दाढीवाला सांगत होता, “मग तुझी गाडीच कमी पडतेय, मेट. सॉरी.” निखिल मान हलवत होता.

मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याची कारणं मी तेव्हाच तयार केली होती. इथे चढावर, गाड्या घासून जात असताना टाकी कशी सोडणार. दाढीवाल्यासमोर नको. सईसमोर नको. एकशे नव्वद किलोने असा काय फरक पडणार. ही सगळी कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. मला जे तोंडाने म्हणता येत नव्हतं, ते डोंगर माझ्या वतीने म्हणत होता, आणि मी त्याला म्हणू देत होते.

अर्ध्या तासाने इंजिन निवलं. पंचवीसच्या वेगाने, आणखी एकदा थांबून, आम्ही माथ्यावर पोचलो. पुढे ब्रेडवुडपर्यंत साधारण चाळीस किलोमीटर. निखिल एकदाच बोलला. “दोन वर्षं मी उगाच त्या गाडीला पॉलिश करत होतो.”

ब्रेडवुडला बेकरीत पाय, म्हणजे आत खिमा भरलेल्या भाजलेल्या वाट्या, चांगले मिळतात, दुपारी उशीर झाला तर संपतात. आम्हाला दोन मिळाले. पार्कच्या बाकावर बसलो. निखिलने एका हाताने ग्लेनला मेसेज लिहिला आणि मला दाखवला. यूटला झेपत नाही, माफ कर, दुसरं गिऱ्हाईक बघ, असं काहीसं इंग्रजीत.

“पाठवू?”

“टाक्या भरलेल्या आहेत,” मी म्हणाले.

“कुठल्या?”

“पाण्याच्या. दोन्ही. सकाळी मी भरल्या.”

त्याने फोन मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता सोलापूरवरून काहीतरी ऐकायला मिळणार. त्याने वेगळंच विचारलं.

“तुझ्या कधी लक्षात आलं?”

“वर. थांबलो तेव्हा.”

“म्हणजे तो माणूस बोलत होता तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

सई पाय खायची थांबली. “आई. दॅट्स सो नॉट ओके,” ती हळू आवाजात म्हणाली.

निखिल उठला, कॅरॅव्हॅनखाली गेला आणि त्याने दोन्ही तोट्या उघडल्या. पाणी संपायला चाळीस मिनिटं लागली. आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे होतो. कुत्रा फिरवणारी एक बाई म्हणाली, “गवताला बरं झालं, लव्ह.” मी तिला थँक यू म्हटलं. त्या दुपारी माझ्याशी नीट बोललेली ती एकटीच.

ग्लेनने आणखी एक आठवडा दिला. पुढच्या शनिवारी आम्ही पहाटेच निघालो, डोंगर उतरलो, नदीकाठी चहा प्यायलो आणि तसेच परत चढलो. टाक्या रिकाम्या. हवा थंड होती, गर्दी नव्हती, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे मी सांगू शकत नाही. वाचकांपैकी कुणी जुन्या पेट्रोल गाडीने ओढणार असेल तर तिन्ही पाळा: रिकाम्या टाक्या, सकाळची वेळ, आणि मागे रांग दिसली की लाज न बाळगता बाजूला थांबणं. यूट दुसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगाने, रडतखडत पण न थांबता वर आली. काटा मध्याच्या जरा वर राहिला. हीटर लागला नाही.

माथ्यावर निखिलने गाडी बाजूला घेतली. “चढली,” तो म्हणाला.

“चढली,” मी म्हणाले. “आणि मला कॅरॅव्हॅन नकोय. सुट्टीत पुन्हा भांडी घासायला मला नको. तो रिव्हर्स नको, सहा महिने त्या डब्यात राहणं नको. पहिल्यापासून नको होती.”

त्याने इंजिन बंद केलं.

“हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी यूट घेतली नसती.”

“माहितीये.”

“बघू म्हणालीस तू. दर वेळी.”



कॅरॅव्हॅन ग्लेनकडे परत गेली. वर्षातून एकदा दोन आठवडे भाड्याने घ्यायची, असं काहीतरी आमचं चाललंय, आणि त्यावर मी ‘हो, दोनच आठवडे’ असं स्पष्ट उत्तर दिलंय. यूट दारात उभी आहे. निखिल अजून चिडलेला आहे, जेवताना कामापुरतं बोलतो. पण त्या रविवारी चाळीस किलोमीटर तो यूटवर चिडला होता, स्वतःवर चिडला होता. आता माझ्यावर चिडलाय. ते सोसायला जड जातं, पण बरोबर आहे.