साडूने ठोकलेली नव्हे, टांगलेली गोष्ट

आमच्या साडूइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडला, तर मी अमरावतीहून अकोल्याला पायी जाईन. तो अकोल्यात राहतो, लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर हजर, आणि गाडीत बसला की शेजाऱ्याला फोन करून, आमच्या दाराशी गॅसचा वास येतो का, ते हुंगायला लावतो. शेजारीही इतका सरावलाय, की फोन उचलताच "नाई येत" म्हणतो.

वेबसाइटची मूळ यंत्रणा कुणी परक्यांनी लिहिलेली. तिच्या एका ओळीलाही हा हात लावत नाही. अपडेट आलं की आपण केलेलं सगळं पुसलं जाईल, ही धास्ती. एकदा चहा पिता पिता त्याने मला समजावलं, "भाऊ, भिंत फोडाची नाई. त्यायनं जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्या हायेत, त्याले हुक म्हंतेत. नवी सूचना लागली, एक खुंटी. सूचना बदलली, दुसरी. आपली पिशवी, म्हंजे आपला कोड, तिथं टांगाची. त्या घटकेले आपलं काम आपोआप होते." एवढं ठाऊक असूनही अपडेटच्या दिवशी त्याला घास उतरत नाही.

चांदूर रेल्वेजवळच्या चाळीस झेंडूवाल्यांच्या गटासाठी त्याने अशीच पिशवी टांगली होती. अध्यक्षांनी साइटवर सूचना टाकली, की सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप: 'उद्या पहाटे गाडी येणार, फुलं तोडून ठेवा.' पण प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणाऱ्या या माणसाची नेमकी खुंटीच चुकली. सूचना पहिल्यांदा प्रसिद्ध होण्याच्या खुंटीऐवजी त्याने पिशवी टांगली सूचना दर वेळी जतन होण्याच्या खुंटीला. दसऱ्याला आठ दिवस होते. गाडी आली, फुलं घेऊन गेली, आणि त्याच दुपारी अध्यक्षांना जुन्या सूचनेतला स्वतःचा फोटो बदलावासा वाटला. बदलला, जतन केला, आणि तोच निरोप पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दसऱ्यासाठी राखलेला झेंडू तोडून लोक गाडीची वाट पाहत रस्त्याकडेला बसले.

साडूचा फोन आला. "भाऊ, मी त्यायचा दसरा बुडवला." आम्ही टेम्पो करून गेलो, मिळेल त्या भावाने ती फुलं अमरावतीत विकली. मग तो घरोघरी फिरला. एका म्हातारीपुढे हात जोडून म्हणाला, "मावशी, चूक माही हाय."

"त्या मोबाइलचं काई सांगू नको बाप्पा मले," मावशी म्हणाली. "आता तू सोता सांगशीन, तवाच मी फुलाले हात लावीन."

खुंटी त्याने त्याच दिवशी बदलली. त्यानंतर एकही निरोप चुकलेला नाही. तरीही निरोप गेला, की पाठोपाठ हा चाळीसही घरांना फोन करतो, "खरा हाय, तोडा." परवा तो आमच्याकडे आला असताना मी चिडवलं, "अबे, फोनच करतं तं ते हुक काहून ठेवलं?"

तो हसला नाही. "मी हावो तोवर फोन. मी नसलो, मंग त्यायले कोण सांगन, भाऊ?"

एवढी काळजी एकटा माणूस किती वर्षं वाहणार? तो निघायच्या आत मी त्याच्याकडून त्या चाळीस जणांचे नंबर उतरून घेतले.