व्हिएन्नातले बूट

व्हिएन्नातल्या जुन्या चर्चच्या दारात आमच्या टूरमधले मुलुंडचे एक काका बूट काढून नुसत्या मोज्यांवर उभे होते.

"काका, इथे बूट नाही काढत."

"माहितीये गं. पण बूट घालून आत जाववत नाही. तू जाऊन ये, मग मी जातो. बुटांपाशी कोणीतरी हवं ना."

मी बोरिवलीची, देवळाबाहेर आळीपाळीने चपला सांभाळतच वाढलेली. आतल्या रंगीत काचा सोडून माझं लक्ष माझ्याच बुटांवर. काढायला हवे होते का? पाच मिनिटांत बाहेर आले आणि काकांना आत पाठवलं.

आत जाणारी एक गोरी आजी माझ्यापाशी थबकली. तिने काकांचे बूट बघितले, मग स्वतःचेही काढून शेजारी ठेवले. परत घाला म्हणावं की सांभाळते म्हणावं, मला कळेना. मी नुसती मान हलवली.